तोंडी राजकारणाला लेखी उत्तर



नोकरी मिळवण्याबद्दल आपल्या समाजात खूप बोलले जाते. स्पर्धा परीक्षा, जाहिराती, आरक्षणाच्या जागा, जात वैधता प्रमाणपत्र, मुलाखत या सगळ्यांवर गावोगावी व्याख्याने होतात. पोरगा किंवा पोरगी नोकरीला लागली की वस्तीत पेढे वाटले जातात, जयंतीच्या स्टेजवर सत्कार होतो, हार पडतो. पण हार काढून ठेवल्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता ते पोर ज्या ऑफिसात जाऊन बसते, तिथे त्याचे काय होते याबद्दल आपण बोलत नाही. नोकरी लागेपर्यंतची लढाई समाजाची आणि लागल्यानंतरची लढाई त्याची एकट्याची, असा आपण जणू करारच करून टाकला आहे.

आम्ही सुप्यात काम करतो. (बारामती तालुक्यातले सुपे. पारनेरचे सुपे वेगळे.) इथली आपली मुले-मुली बारामती, जेजुरी, कुरकुंभच्या एमआयडीसीत जातात, काही पंचायत समितीत, तहसीलमध्ये, शाळेत, बँकेत, पतसंस्थेत आहेत, काही पुण्याला खाजगी कंपनीत कॉम्प्युटरसमोर बसतात. त्यांच्या नोकऱ्या वेगवेगळ्या, पगार वेगवेगळे. पण आमच्याकडे आल्यावर बोलतात ते साधारण एकच. "साहेब मुद्दाम त्रास देतात." "चांगले टेबल मला देत नाहीत." "काम मी केले, नाव दुसऱ्याचे झाले." "माझ्यामागून आलेला पुढे गेला." आणि शेवटी, जरा आवाज खाली आणून, "आडनाव कळल्यापासून सगळे बदलले."

मग आम्ही विचारतो, "याचा काही कागद आहे का तुझ्याकडे?" बहुतेक वेळा उत्तर येते, "नाही, सगळे तोंडीच झाले."

हा लेख त्या "तोंडीच झाले" या दोन शब्दांबद्दल आहे.

अशा पोरांना समाजातून दोन प्रकारचे सल्ले मिळतात. पहिला सल्ला घरातल्या वडीलधाऱ्यांचा : "जमवून घे बाबा, नोकरी महत्त्वाची. मान खाली घालून काम कर." दुसरा सल्ला चौकातल्या कार्यकर्त्यांचा : "एकदा दाखवूनच दे. आम्ही येतो दहा-वीस जण." पहिल्या सल्ल्याने पोर आतल्या आत कुढते आणि वर्षा-दोन वर्षांत राजीनामा देते. दुसऱ्याने एक दिवस मोठा आवाज होतो, कार्यकर्ते घरी जातात आणि दुसऱ्या दिवशी त्याच साहेबासमोर पोर एकटेच उभे असते. आता तर साहेबाकडे "ऑफिसात गोंधळ घातला" असा लेखी पुरावाही असतो. या दोन्ही सल्ल्यांत एक गोष्ट समान आहे. दोन्हीत आपल्या बाजूने कागद तयार होत नाही.

समाजशास्त्राच्या अभ्यासक्रमात मॅक्स वेबर शिकवतात. आधुनिक कार्यालय म्हणजे काय, हे सांगताना तो म्हणतो की ते नियमांवर आणि लेखी दस्तऐवजांवर चालते. व्यक्तीच्या मर्जीवर चालते ती जुनी सरंजामी व्यवस्था. आपल्याकडची ऑफिसे बाहेरून वेबरची आणि आतून गावकीची असतात. बाहेर बोर्डावर नागरिकांची सनद, आत आवक-जावक, फाईल, टिपणी. पण कोणाला लेखा शाखा द्यायची आणि कोणाला रेकॉर्ड रूममध्ये बसवायचे, प्रशिक्षणाला कोणाचे नाव पाठवायचे, कोणाची रजा "बघू" म्हणून लटकवायची, हे ठरते चहाच्या टपरीवर, गाडीत, साहेबांच्या घरच्या सत्यनारायणाला, गावच्या पाहुण्या-रावळ्यांत. त्या बैठकीला आपण नसतो. आपल्याला बोलावणे नसते. ऑफिसचे राजकारण हे तोंडी चालते आणि ज्यांची तोंडओळख पिढ्यान्पिढ्यांची आहे त्यांना ते फुकट खेळता येते.

कोणी म्हणेल, तुम्हाला सगळीकडे जातच दिसते. ज्यांना असे वाटते त्यांनी डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास वाचावा. खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले गेले. फरक होता तो आडनावाचा. दलित आडनावाच्या अर्जांना मुलाखतीची बोलावणी कमी आली. कोणीही "आम्ही जात बघून निवडले" असे कुठे लिहून ठेवले नव्हते. लिहून ठेवत नाहीत, हीच तर खुबी आहे. भेदभाव करणारा कागदावर स्वच्छ असतो.

कागदाची ताकद काय असते, हे आमच्या सुप्याला नव्याने सांगायची गरज नाही. १२ मे १८७५ रोजी, जेव्हा सुपे भीमथडी तालुक्यात होते, इथल्या बाजारपेठेत शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला. इतिहासाच्या पुस्तकात "दख्खनचे दंगे" म्हणून जे शिकवतात त्याची मोठी ठिणगी इथे पडली. नंतर पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत ते लोण गेले. त्या लोकांचा मुख्य राग कशावर होता? कर्जरोख्यांवर आणि खात्याच्या वह्यांवर. ते हिसकावून घेतले आणि जाळले. ज्याला वाचता येत नव्हते त्या माणसालाही हे कळले होते की आपली जमीन कोणाच्या मनगटाने जात नाही, ती त्या कागदाने जाते. सावकार लिहील ते कर्ज आणि अंगठा उठवला की संपले.

पुढे सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्यात काय होते पाहा. शेतकऱ्याचा रोखा गावच्या निबंधकासमोर झाला पाहिजे, पैसे दिले की त्याला पावती मिळाली पाहिजे, हिशेबाचा उतारा मिळाला पाहिजे. म्हणजे जाळपोळीतून शेवटी शेतकऱ्याच्या पदरात काय पडले? स्वतःच्या हातात एक कागद असण्याचा हक्क.

त्या शेतकऱ्याला वाचता येत नव्हते. आज आपली पोरे बी.ए., एम.ए., इंजिनिअर आहेत. आणि तरी ऑफिसात त्यांच्या हातात पावती नाही, पोच नाही, उतारा नाही. मग दीडशे वर्षांत आपण कुठे आलो?

आता बाबासाहेबांकडे येऊ. गुणवत्ता असली की जात आपोआप मागे पडते, असे सांगणारे बरेच भेटतात. १९१७ साली कोलंबिया आणि लंडनमध्ये शिकून आलेला माणूस बडोदा संस्थानात करारानुसार नोकरीला गेला, अकाउंटंट जनरलच्या कार्यालयात. तिथले शिपाई विटाळ होईल म्हणून लांबूनच फाईली टेबलावर फेकत. ऑफिसात प्यायला पाणी मिळेना. राहायला जागा मिळेना म्हणून पारशी धर्मशाळेत राहिले, तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढले. १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तर काही सहकारी प्राध्यापकांनी त्यांच्या पाण्याच्या भांड्याला हात लावण्यावर हरकत घेतली. त्या काळातल्या देशातल्या सर्वांत शिकलेल्या माणसांपैकी एकाची ही अवस्था. तेव्हा "चांगले काम केले की सगळे ठीक होते" हे आपल्या पोरांना सांगताना जरा जपून सांगावे. चांगले काम करायचेच. पण ते ढाल नाही.

बाबासाहेबांनी पुढे काय केले? ते केवळ चिडून बसले नाहीत. आयुष्यभर त्यांनी कागद केले. साउथबरो समितीपुढे साक्ष, सायमन कमिशनपुढे निवेदन, गोलमेज परिषदेत मागण्या. १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाल्यावर त्यांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन आकडेवारीसह सरकारला दिले. १९४३ मध्ये केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखीव झाल्या. आज आपण ज्या खुर्चीवर बसतो तिचा एक पाय त्या निवेदनाचा आहे. बडोद्यात जो अपमान तोंडी आणि हाताने झाला, त्याचे उत्तर त्यांनी लेखी दिले आणि ते सगळ्या समाजासाठी दिले.

आता थेट कामाच्या गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट तोंडी हुकमाची. "हे करून टाक, मी बघतो" असे साहेब म्हणतात. उद्या चौकशी लागली की साहेब बघत नाहीत, तुमची सही असते आणि तुम्हीच दिसता. गोड बोलून नियमबाह्य कामावर सही घ्यायची आणि वेळ आली की "यानेच केले" म्हणायचे, हा जुना खेळ आहे आणि त्यात बळी जाणारे बहुतेक वेळा ज्याच्यामागे कोणी नाही तेच असतात. केंद्र सरकारच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांत स्पष्ट आहे की वरिष्ठाचा आदेश सामान्यतः लेखी असावा, तोंडी द्यावाच लागला तर नंतर लेखी दुजोरा द्यावा. सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी टी. एस. आर. सुब्रमण्यम प्रकरणात सांगितले की अधिकाऱ्यांनी केवळ तोंडी आदेशावर काम करू नये, आदेशाची नोंद झाली पाहिजे. नाहीतर माहिती अधिकाराला अर्थच उरणार नाही. तो खटला मोठ्या अधिकाऱ्यांनी चालवला होता. पण जे सचिवाला लागू ते लिपिकाला का नको?

आता प्रत्येक वेळी साहेबांना "लेखी द्या" म्हणता येत नाही, हे आम्हालाही कळते. म्हटले की साहेब डूख धरतात. म्हणून रीत वेगळी. केबिनमधून बाहेर आल्यावर अर्ध्या तासात एक साधा मेल किंवा व्हॉट्सॲप संदेश टाकायचा : "साहेब, आपण आज दुपारी सांगितल्याप्रमाणे लाभार्थ्यांची यादी उद्या अकरा वाजेपर्यंत सादर करतो. काही बदल असल्यास कळवावे." यात तक्रार नाही, उर्मटपणा नाही, उलट तत्परता आहे. पण तारीख आली, वेळ आली, कोणी काय सांगितले ते आले. फाईलवर टिपणी लिहिताना "चर्चेनुसार" हा शब्द कोणाशी, कधी हे न लिहिता कधीच वापरायचा नाही. आणि साहेबाने असा संदेश पाहून काम बदलले, तर समजायचे की ते काम करण्यासारखे नव्हतेच.

दुसरी गोष्ट सी.आर.ची, म्हणजे गोपनीय अहवालाची. आपल्या लोकांची बढती अडवायची सर्वांत स्वच्छ जागा ही आहे. वाईट शेरा लिहिला तर तो कळवावा लागतो, म्हणून वाईट लिहीत नाहीत. फक्त "चांगला" लिहितात. बढतीला मात्र "अतिशय चांगला" लागतो. म्हणजे गोड शब्दाने गळा कापायचा. सीमा रस्ते संघटनेतल्या देव दत्त नावाच्या अभियंत्याचे हेच झाले होते. पाच वर्षे "अतिशय चांगला" शेरा हवा होता, १९९३-९४ या एका वर्षी "चांगला" होता आणि तो त्यांना कधी कळवलाच नाही. त्यांच्या मागचे पुढे गेले. सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की वाईट असो की चांगला, प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे आणि त्याला त्यावर म्हणणे मांडू दिले पाहिजे. योगायोगाने त्या निकालाची तारीखही १२ मे आहे, १२ मे २००८. पुढे २०१३ मध्ये सुखदेव सिंग प्रकरणात तीन न्यायाधीशांनी हेच कायम केले. आपल्यापैकी किती कर्मचाऱ्यांनी गेल्या पाच वर्षांचे स्वतःचे शेरे पाहिले आहेत? सेवापुस्तकाची दुसरी प्रत किती जणांच्या घरी आहे? सेवाज्येष्ठता यादी प्रसिद्ध झाली तेव्हा हरकतीची मुदत किती होती, हे किती जणांना ठाऊक होते? यादी लागते, मुदत संपते, आणि मग आपण मोर्चा काढतो.

या ज्येष्ठता यादीकडे तर आता डोळ्यांत तेल घालून पाहायला हवे. पदोन्नतीतील आरक्षणाचा राज्याचा २५ मे २००४ चा शासन निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने ४ ऑगस्ट २०१७ रोजी रद्द ठरवला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात असतानाच ७ मे २०२१ च्या शासन निर्णयाने पदोन्नतीची पदे २५ मे २००४ च्या सेवाज्येष्ठतेप्रमाणे भरायचे ठरले. या अन्यायाविरुद्धची लढाई न्यायालयात आणि रस्त्यावर चालवायचीच आहे. पण तोपर्यंत तुमच्या हातात काय आहे? यादीतला तुमचा क्रमांक, तुमचे शेरे आणि तुमच्या विभागीय परीक्षा. यातल्या एकाही ठिकाणी ढिलाई केली तर समोरच्याला जात काढण्याचीही गरज पडत नाही. विभागीय परीक्षा मुदतीत पास झाला नाहीत, तर तुमचा नंबर नियमानेच खाली जातो.

तिसरी गोष्ट अपमानाची. जातीवरून बोलले तर अॅट्रॉसिटी आहेच, असे आपण धरून चालतो. १९८९ च्या कायद्यातले अपमानाचे कलम "लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी" झालेल्या अपमानाला लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हितेश वर्मा प्रकरणात सांगितले की चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी नसताना झालेला अपमान त्या कलमात बसत नाही. साहेबांना हे आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते, म्हणूनच ते केबिनमध्ये बोलावून, दार लावून बोलतात. तेव्हा जिथे असे घडते तिथे एकट्याने केबिनमध्ये जाऊ नका. काही बोलले गेले तर त्याच दिवशी वहीत लिहा : तारीख, वेळ, शब्द जसेच्या तसे, कोण हजर होते. "जातीवाचक बोलले" असे लिहू नका, काय बोलले ते लिहा. आणि आमच्या बहिणींसाठी आणखी एक. लैंगिक छळाच्या तक्रारीची मुदत २०१३ च्या कायद्याप्रमाणे सामान्यतः तीन महिने आहे. दहा किंवा जास्त माणसे काम करतात तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे. जिथे दहापेक्षा कमी आहेत तिथल्या महिलेने जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचे. "लोक काय म्हणतील" या विचारात तीन महिने कसे जातात ते कळत नाही.

वही ठेवण्याचा आणखी एक फायदा आहे, जो आपल्या चळवळीत बोलला जात नाही. ऑफिसातले प्रत्येक भांडण जातीचे नसते. साहेब काही वेळा सगळ्यांवरच ओरडणारा असतो. काही वेळा आपलेच काम उशिरा झालेले असते. सहा महिने वही ठेवली की खरे काय ते दिसायला लागते. रजा फक्त माझीच नामंजूर होते, की सगळ्यांची? उशिरा आल्याबद्दल मेमो फक्त मला, की शेजारच्यालाही? सगळ्यांना सारखाच त्रास असेल तर सगळ्यांना घेऊन बोला. फक्त आपल्यालाच असेल तर ते वहीतून सिद्ध होते आणि मग कोणी "तुम्ही उगाच जात काढता" म्हणू शकत नाही. बुद्धाने आपल्याला हेच शिकवले ना, ऐकीव गोष्टीवर नको, पारखून घे. ते दुसऱ्याच्या बोलण्याला लागू तसे आपल्या रागालाही लागू.

पण इथे थांबलो तर हा लेख अर्धवट राहील. कारण नुसता कागद पुरत नाही. मुंबई विधिमंडळात ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. महाड नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचा ठराव केला. कागद पक्का होता. पण चवदार तळ्याचे पाणी कोणी पिऊ शकले का? २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या मागे माणसे चालत गेली तेव्हा तो कागद जिवंत झाला. माणसे नसतील तर कागद फायलीत मरतो. आणि कागद नसेल तर माणसांचा नुसता गोंधळ होतो. दोन्ही लागतात.

ऑफिसातले याचे उदाहरण आपल्याच पुण्यात घडलेले आहे. १९६० च्या दशकात पुण्यातल्या संरक्षण खात्याच्या स्फोटके संशोधन प्रयोगशाळेत बाबासाहेबांच्या जयंतीची आणि बुद्ध जयंतीची सुट्टी रद्द झाली. विरोध कोणी केला? राजस्थानातून आलेल्या, वाल्मीकी समाजाच्या दीनाभाना या चतुर्थश्रेणी कर्मचाऱ्याने. त्यांना निलंबित केले गेले. त्याच प्रयोगशाळेत पंजाबचा एक तरुण वैज्ञानिक अधिकारी होता, कांशीराम. त्याची नोकरी चांगली होती, त्याला कोणी काही केले नव्हते, तो गप्प बसू शकला असता. तो दीनाभानांच्या बाजूने उभा राहिला. डी. के. खापर्डे यांनी त्याच्या हातात बाबासाहेबांचे "जातिसंहार" ठेवले. लढाई झाली, सुट्ट्या परत मिळाल्या, दीनाभाना कामावर परतले. त्या एका सुट्टीच्या भांडणातून कर्मचाऱ्यांची संघटना उभी राहिली आणि ६ डिसेंबर १९७८ ला बामसेफची स्थापना झाली. पुढचा इतिहास सगळ्यांना माहीत आहे.

या गोष्टीत साहेबांच्या शूरपणापेक्षा एक वेगळी गोष्ट लक्षात घ्यावी. शिपायाच्या अर्जाला अधिकाऱ्याची सोबत मिळाली. तीन वेगवेगळ्या प्रांतांतली, वेगवेगळ्या जातींची माणसे एका मुद्द्यावर एकत्र आली. दीनाभाना एकटे असते तर निलंबन हाच शेवट झाला असता.

आज आपल्या ऑफिसात ही दुसरी सही कुठे आहे? आपलाच माणूस वरच्या पदावर गेला की तो आपल्या शिपायाकडे बघून हसतसुद्धा नाही, "मी जातीपातीत पडत नाही" म्हणतो. १८ मार्च १९५६ ला आग्र्यात बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांबद्दल जी खंत बोलून दाखवली, ती दर ६ डिसेंबरला आपण स्टेटसला लावतो. पण ज्याने ती लावली त्यालाच गावातल्या कंत्राटी कामगाराचा फोन उचलायला वेळ नसतो. पुढे जाणे म्हणजे काय, हे आपण ठरवले पाहिजे. साहेबांचा खास माणूस होऊन, आडनाव लपवून, त्यांच्या पूजेची वर्गणी गोळा करून मिळालेले टेबल ही प्रगती नाही, ती उसनवारी आहे. साहेबांची बदली झाली की परत जाते. परीक्षा देऊन, काम शिकून, यादीत क्रमांक राखून मिळालेले पद कोणाच्या बदलीने जात नाही. आणि त्या पदावर बसून मागच्या दोघांचे शेरे, दोघांच्या रजा, दोघांचे प्रशिक्षण नियमाने मार्गी लावले, तर त्याला आम्ही पुढे जाणे म्हणू. त्यात पक्षपात कुठे आला? नियम पाळणे एवढेच केले तरी आपल्या अर्ध्या लोकांचे अर्धे प्रश्न सुटतील.

कोणी विचारील, हे सगळे कायम नोकरीवाल्यांचे झाले. कंत्राटदाराकडच्या पोराने काय करायचे? प्रश्न रास्त आहे. एमआयडीसीतल्या लाईनवर उभ्या असलेल्या पोराने सुपरवायझरला संदेश टाकला तर दुसऱ्या दिवशी गेटवर "उद्यापासून येऊ नको" ऐकायला मिळते. तेही तोंडीच. त्याला सी.आर. नाही, ज्येष्ठता यादी नाही, आरक्षण नाही. म्हणून त्याने एकट्याच्या नावाने कागद करू नये. नेमणूक पत्राची किंवा ओळखपत्राची प्रत, पगारपत्रक, पी.एफ.चा क्रमांक, हजेरीचे फोटो एवढे मात्र पहिल्या दिवसापासून जपून ठेवावे; तो तिथे कामाला होता हे सिद्ध करायला हेच लागते. आणि तक्रार करायची तर लाईनवरच्या सगळ्यांच्या सह्यांनी, शक्य असेल तर युनियनमार्फत, कामगार आयुक्त कार्यालयात. सह्या करणाऱ्यांत फक्त आपली पोरे नसावीत. मराठा, धनगर, माळी, मुसलमान, बिहारहून आलेला, जो जो त्या लाईनवर घाम गाळतो त्याचा त्या कागदावर हक्क आहे. ओव्हरटाईमचे पैसे बुडवताना कंत्राटदार कोणाची जात बघत नाही.

म्हणून आमचा एक साधा प्रस्ताव आहे. प्रत्येक गावच्या विहारात महिन्यातला एक रविवार कागदाचा ठेवा. वंदना झाली की सतरंजीवरच बसायचे. ज्याची जी अडचण असेल त्याने आपली वही, मेमो, पगारपत्रक घेऊन यायचे. गावातला निवृत्त भाऊसाहेब, शिक्षक, वकिली शिकणारी मुलगी, पंचायत समितीतला आपला लिपिक यांनी तिथे दोन तास द्यायचे. मेमोचे उत्तर कसे लिहायचे, माहिती अधिकाराचा अर्ज कसा करायचा, तीस दिवसांत उत्तर आले नाही तर अपील कुठे करायचे, २००५ च्या बदली व दफ्तर दिरंगाईच्या कायद्यात फाईल सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त अडवता येत नाही हे कोणत्या शब्दांत लिहायचे, हे तिथे शिकायचे. यासाठी देणगी लागत नाही, स्टेज लागत नाही, पाहुणा लागत नाही. डी.जे.चा तर प्रश्नच नाही.

१८७५ ला सुप्याच्या लोकांनी दुसऱ्याच्या हातातला कागद जाळला, कारण त्यांच्याकडे दुसरा उपाय नव्हता. आपल्याकडे लेखणी आहे आणि ती आपल्याला कोणी भीक म्हणून दिलेली नाही. पुढच्या वेळी साहेब तोंडी बोलतील तेव्हा ऐकून घ्या, "हो साहेब" म्हणा, बाहेर या आणि लिहा. मग तो कागद घेऊन शेजारच्या टेबलाकडे जा आणि दुसरी सही मागा.

जय भीम, जय संविधान.